थकवा, स्टेरॉइडची गोळी आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा

माझ्या रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन २१८ आलं होतं. शेजारी जाड ठशात 'कमी'. मला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी निदान झालं. बोटांची सूज, सकाळी सांधे आखडणं हे गोळ्यांनी बरंचसं आवाक्यात आलं होतं, पण थकवा हटत नव्हता. दुपारी तीनच्या सुमारास अंगातलं त्राण एकदम जायचं. झोपून उठलो तरी तेच. घरी आल्यावर मुलीनं "उचलून घे" म्हटलं की मी आधी बसायला जागा शोधायचो. म्हणून तो आकडा पाहून मला खरंच हायसं वाटलं. चला, कारण सापडलं. एका डॉक्टरांनी लगेच महिन्याला एक इंजेक्शन सुचवलंही.

ते घेण्याआधी मी रिपोर्ट माझ्या संधिवाततज्ज्ञांना दाखवला. त्यांनी आकड्याआधी सॅम्पल घेतल्याची वेळ पाहिली. संध्याकाळचे ५:४०. मग विचारलं, "त्या आठवड्यात सांधे कसे होते?" दोन्ही मनगटं सुजलेली होती, रात्री धड झोप नव्हती. ते म्हणाले, "हा रिपोर्ट तुमचा नाही, त्या आठवड्याचा आहे."

या एका वाक्याचा अर्थ नीट कळायला मला बरेच दिवस लागले. स्वयंप्रतिकार आजार असलेल्या अनेक पुरुषांच्या हातात असाच एखादा रिपोर्ट येतो, म्हणून तो अर्थ इथे उलगडून सांगतो.

"हा बायकांचा आजार ना?"

स्वयंप्रतिकार आजारात रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंऐवजी आपल्याच शरीरावर चालून जाते. आमवातात सांध्यांच्या अस्तरावर, हाशिमोटोमध्ये थायरॉइडवर, ल्युपसमध्ये जवळजवळ कुठेही. असे आजार स्त्रियांत कितीतरी जास्त आढळतात. आमवात स्त्रियांना पुरुषांच्या दोन ते तीन पट होतो, ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. त्यामुळे पुरुषाला हा आजार झाला की आधी लोकांना पटत नाही, आणि मग त्याला स्वतःलाही. सुजलेलं बोट दाखवता येतं, थकवा दाखवता येत नाही. "काम जास्त आहे", "वय झालं", "झोप कमी पडते" अशी उत्तरं आम्ही स्वतःलाच देत राहतो. डॉक्टरांपुढे बसल्यावर सांधे किती दुखतात ते सांगतो आणि थकव्याचं सांगायचं राहून जातं.

दुष्काळात आधी कुणाचं पाणी तोडतात?

धरणात साठा कमी असला की पहिलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात आणि शेतीचं आवर्तन रद्द होतं. कालवा फुटलेला नसतो, शेतातली मोटारही बिघडलेली नसते. वरून पाणी सोडायचंच नाही असं ठरलेलं असतं.

आजारपणात शरीर हेच करतं. दाह पेटला की प्रतिकारपेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं रक्तात सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. ही रसायनं निरोपे आहेत आणि मेंदूपर्यंत पोचलेला त्यांचा निरोप असा असतो: लढाई चालू आहे, पडून राहा, खाऊ नका, माणसांत मिसळू नका. फ्लूमध्ये जो गळाठा येतो तो विषाणूपेक्षा या निरोपाचाच जास्त असतो. चार दिवसांच्या तापात हा बंदोबस्त शहाणपणाचा आहे. आमवातात मात्र लढाई वर्षानुवर्षं संपत नाही आणि निरोपही थांबत नाही. म्हणजे थकवा हा आजाराचाच भाग आहे, मनाचा कमकुवतपणा नव्हे. हे मला पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी स्वतःला इतका दोष दिला नसता.

आता टेस्टोस्टेरॉनकडे. ते वृषणांतल्या लायडिग पेशी बनवतात, पण स्वतःच्या मर्जीने नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एक इशारा देतो, त्यावर पिट्यूटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि ते वृषणांना कामाला लावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू इशारा मंद करतो, कमी पडलं की वाढवतो. सायटोकाइन या साखळीला दोन ठिकाणी गाठतात. मेंदूतला इशारा दाबतात आणि लायडिग पेशींच्या कामातही थेट अडथळा आणतात. प्रजनन ही शरीराच्या लेखी टंचाईत थांबवता येण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून त्या आवर्तनावर सगळ्यात आधी गदा येते.

सुजेच्या ऐन भरात काढलेला आकडा म्हणूनच फसवा असतो. दाह उतरला की तो पुन्हा चढू शकतो. माझा चढला. आजार शांत झाल्यावर दोन महिन्यांनी, सकाळी आठला, उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ३९१ आला. औषध मात्र टेस्टोस्टेरॉनसाठी एकही घेतलं नव्हतं.

उलट दिशेनेही काही संबंध असावा असं दिसतं. पुरुषी संप्रेरकं प्रतिकारशक्तीला थोडा आवर घालतात. स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या एका अभ्यासात, ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन आधीपासून कमी होतं त्यांना पुढे ठरावीक प्रकारचा आमवात, म्हणजे ज्यात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह येते तो, होण्याची शक्यता जास्त दिसली. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये पुरुषाला एक जादा एक्स गुणसूत्र असतं आणि टेस्टोस्टेरॉन बहुधा कमी असतं. अशा पुरुषांत ल्युपसचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट आढळलं आहे. पण तिथे जादा एक्स गुणसूत्राचाही वाटा आहे, सगळं खापर संप्रेरकावर फोडता येत नाही. आणि समजा कमी टेस्टोस्टेरॉनने आजाराला हातभार लावला असला, तरी नंतर ते भरून काढल्याने आजार हटतो असं मुळीच नाही. आमवाताच्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन देऊन १९९०च्या दशकात चाचणी झाली होती. सांध्यांच्या आजारावर त्याचा उपयोग दिसला नाही.

दुसरी ग्रंथी, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही

टेस्टोस्टेरॉनच्या जाहिराती रस्त्यावरच्या भिंतींवरही असतात. कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं त्या स्टेरॉइडची, एकही नसते. पण स्टेरॉइड घेणाऱ्या, किंवा नुकतंच बंद केलेल्या पुरुषाच्या थकव्यात आधी संशय घ्यावा तो कॉर्टिसॉलवर.

थोडं मागे जातो. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या चमूने आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला 'कंपाउंड ई' नावाचं नवं रसायन टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली. तेच कॉर्टिसोन. हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल मिळालं. पण चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, रक्तातली साखर वाढणं हे दुष्परिणामही लवकरच समोर आले. आज आपण घेतो ती प्रेडनिसोलोनची गोळी याच घराण्यातली.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. गोळीच्या भाषेत सांगायचं तर साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं. त्यांनाही हुकूम मेंदूतूनच येतो, एसीटीएच या संप्रेरकामार्फत. त्याहून जास्त डोसची गोळी तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चालली की मेंदू पाहतो, रक्तात माल भरपूर आहे, आणि हुकूम देणं थांबवतो. काम नसलेली ग्रंथी हळूहळू आक्रसते. मग एक दिवस आपण ठरवतो, "स्टेरॉइड वाईट, बंद करू." गोळी थांबते, पण ग्रंथी झोपलेलीच असते. भयंकर थकवा, मळमळ, उठताना चक्कर, रक्तदाब घसरणं, भूक मरणं. बऱ्याच जणांना वाटतं आमवात उलटला. कधी खरंच तोही उलटलेला असतो, म्हणून हे दोन्ही वेगळे ओळखणं डॉक्टरांनाही सोपं नसतं.

त्यासाठी सकाळी आठच्या आसपास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, रक्तातलं कॉर्टिसॉल बघतात. २०२४ साली युरोपीय आणि अमेरिकी संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनानुसार ते १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असं मानतात. ५च्या खाली असेल तर छोटा डोस चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. मधला आकडा आला तर थांबायचं आणि परत बघायचं. ग्रंथीला जागं व्हायला कधी महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. धीर धरवत नाही हे मला माहीत आहे, मीही एकदा डोस मनाने कमी केला होता. पुढचे दहा दिवस अंथरुणात गेले.

शिवाय हीच गोळी वरची टेस्टोस्टेरॉनची साखळीही दाबते. म्हणजे स्टेरॉइड बरेच दिवस चालू असलेल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन कमी यायला दाह आणि औषध अशी दोन कारणं आधीच हजर असतात. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलसारख्या, अफूसारखं काम करणाऱ्या गटातल्या गोळ्या रोज घेत असाल तर ते तिसरं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सांधेदुखीवर गावोगाव मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि चूर्णं. "शंभर टक्के आयुर्वेदिक, दोन दिवसांत फरक." अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. दोन दिवसांत फरक पडतो तो त्यामुळेच. माणसाला आपण स्टेरॉइड घेतोय हे माहीतच नसतं, पुडी संपली की तो कोसळतो आणि डॉक्टरांना सांगतो, "मी कुठलंच औषध घेत नाही." तुम्ही किंवा घरातल्या कुणी असं काही घेतलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा. सांध्यात टोचलेलं इंजेक्शन आणि दम्याचा पंपही या हिशेबात धरतात, तेही सांगा.

ॲड्रिनल ग्रंथी स्वतःच स्वयंप्रतिकार हल्ल्यात नष्ट होते तेव्हा त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. जॉन एफ. केनेडी यांना तो होता. १९४७ साली, तिशीत, लंडनमध्ये निदान झालं. पुढे थायरॉइडही मंदावलं. त्यांच्या एका बहिणीलाही ॲडिसन होता. २००२ साली अभ्यासकांसाठी खुल्या झालेल्या त्यांच्या वैद्यकीय नोंदींत स्टेरॉइड, थायरॉइडची गोळी आणि टेस्टोस्टेरॉन अशी तिन्ही औषधं दिसतात. १९६०च्या निवडणुकीत मात्र त्यांच्या माणसांनी ॲडिसनचा इन्कार केला. तरुण, तडफदार पुरुषाच्या प्रतिमेत थकवा आणणारा आजार बसत नव्हता. साठ वर्षं उलटली तरी आपण याबाबतीत फार पुढे आलोय असं मला वाटत नाही.

थायरॉइड, रक्त आणि झोप

एक स्वयंप्रतिकार आजार असेल तर दुसरा होण्याची शक्यता वाढते आणि त्यात थायरॉइडचा नंबर वरचा लागतो. थकव्यासोबत थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, वजन वाढणं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. स्वस्त तपासणी आहे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर आधी सांगा, काही लॅबच्या पद्धतीत ते थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन दोन्हींचे आकडे बिघडवतं.

रक्ताचं थोडं वेगळं आहे. दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि ते शरीरातलं लोह कोठारात अडकवून ठेवतं. लोह असतं, पण वापरता येत नाही. म्हणून हिमोग्लोबिन १३च्या खाली आणि फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा आकडा, मात्र चांगला, असा कोड्यात टाकणारा रिपोर्ट येतो. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या गिळून फारसं साधत नाही, दाह आवरावा लागतो. टेस्टोस्टेरॉन हे रक्त बनवायलाही मदत करतं, त्यामुळे ते कमी असेल तर तोही धागा याच गुंत्यात येतो.

आणि झोप. निरोगी तरुण पुरुषांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं, असं शिकागोत झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. हे संप्रेरक मुख्यतः झोपेत वाढतं. ज्याला सांधे रात्री तीनदा उठवतात त्याचं काय होत असेल याचा अंदाज करा. वजन जास्त आणि घोरणं मोठं असेल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळणं, हेही तपासायला हवं. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, आणि प्रेडनिसोलोनने भूक खवळते, म्हणून वजनाचा प्रश्न आम्हा लोकांत नेहमीचाच.

मनाबद्दलही बोलायला हवं. औदासीन्य, म्हणजे डिप्रेशन, या आजारांत बऱ्याचदा आढळतं, आणि त्याचं पहिलं रूप पुरुषांत अनेकदा रडू नसतं, चिडचिड आणि थकवा असतो. माझ्या थकव्याचा बराच भाग तिथला निघाला. ३९१ आकडा आला तेव्हाही मी थकलेलोच होतो. थकवा खऱ्या अर्थाने कमी झाला तो झोप, औषधांची बदललेली वेळ आणि समुपदेशकाकडच्या आठ-दहा भेटींनंतर.

तपासायचंच असेल तर

सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी, आजार शांत असताना, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा. दिवस चढतो तसं टेस्टोस्टेरॉन उतरतं, आणि साखर पोटात गेल्यावरही काही तास उतरतं. एकाच रिपोर्टवर निदान करायचं नाही, हे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. कमी म्हणजे किती? अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेघ धरते. संप्रेरकतज्ज्ञांनी निरोगी, सडपातळ तरुणांवरून काढलेली खालची मर्यादा २६४ आहे. २९०चा रिपोर्ट एका रेघेच्या आत आहे आणि दुसरीच्या बाहेर, यावरूनच या आकड्याकडे किती जपून पाहायचं ते कळावं.

शिवाय रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं ते जेमतेम दोन टक्के. एसएचबीजी नावाचं वाहक प्रथिन लठ्ठपणात आणि स्टेरॉइडवर कमी होतं, वयाप्रमाणे वाढतं, आणि त्यानुसार एकूण आकडा खाली-वर होतो. म्हणून सीमेवरच्या रिपोर्टमध्ये एसएचबीजीही बघतात. सोबत एलएच. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच खूप जास्त असेल तर बिघाड वृषणांत. दोन्ही कमी असतील तर वरून आवर्तनच सुटलेलं नाही, आणि मग शोध दाह, स्टेरॉइड, वजन, क्वचित पिट्यूटरीची गाठ, या दिशेने जातो.

युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांना ३२ लक्षणांबद्दल विचारून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी टेस्टोस्टेरॉनशी ठामपणे बांधलेली लक्षणं निघाली तीनच: इच्छा कमी होणं, पहाटेची ताठरता जाणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. थकवा त्या तिघांत नव्हता. तुम्हाला थकवा आहे पण ही तिन्ही ठीक आहेत, तर टेस्टोस्टेरॉन हा मुख्य गुन्हेगार असण्याची शक्यता कमी. हे प्रश्न डॉक्टर विचारतीलच असं नाही, संकोच बाजूला ठेवून आपणच सांगावं.

खरोखर कमी निघालं तर

तर उपचार घ्यावा, त्यात कमीपणा नाही. इच्छा आणि ताठरता सुधारते, हाडांची घनता वाढते, सौम्य रक्तक्षय भरून येतो. स्टेरॉइडने हाडं आधीच पोखरत असतात, त्यामुळे आमच्यासारख्यांत हाडांचा मुद्दा मोठा आहे. पण फक्त थकव्यासाठी घेत असाल तर अपेक्षा बेताची ठेवा. ६५ वर्षांवरच्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांचे निकाल २०१६ साली आले. या सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन खरंच कमी होतं, आणि तरी ते भरून काढल्यावर थकव्याच्या मोजमापात ठोस फरक पडला नाही. २०२३ साली आलेल्या पाच हजारांवर पुरुषांच्या चाचणीत हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुफ्फुसात गुठळी जाणं थोडं जास्त दिसलं. उपचारात रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवावं लागतं. प्रोस्टेटचीही तपासणी ठेवावी लागते.

थकव्यावर ज्याचा उपयोग दिसला ते फार साधं आहे. स्कॉटलंडमध्ये दाहक सांधेविकार असलेल्या ३६७ रुग्णांना फोनवरून आखून दिलेला, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम किंवा फोनवरूनच विचार-वर्तनाचं समुपदेशन दिलं. दोन्हींनी थकवा कमी झाला आणि फायदा नंतरही टिकला. मी पहिल्या दिवशी सोसायटीच्या आवारात चार मिनिटं चाललो होतो.

शेवटी ती गोष्ट, जी मला इंजेक्शन सुचवणाऱ्यांनी विचारली नव्हती. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आणि शुक्राणू बनवायला लागणारं एफएसएच हे संप्रेरक थांबवतो, अगदी ॲड्रिनलचं झालं तसंच, आणि वृषणांचं शुक्राणू बनवण्याचं काम मंदावतं. अनेकांत शुक्राणूंची संख्या शून्यावर जाते. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. आमवातात दिल्या जाणाऱ्या सल्फासलाझिननेही शुक्राणू कमी होतात, ते बंद केल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत सावरतात. तेव्हा पहिलं इंजेक्शन टोचून घेण्याआधी डॉक्टरांना सांगा की तुम्हाला मूल हवंय का, कधी हवंय, आणि सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनऐवजी एचसीजीसारखे, वृषणांनाच कामाला लावणारे दुसरे उपाय असतात. आम्हाला तेव्हा दुसरं मूल हवं होतं. मुलगा आता दीड वर्षाचा आहे.